चालवणाऱ्यासकट सतराशे किलो

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या माहेरचा ट्रॅक्टर बारीक व्हायला लागतो.

या रविवारीही तेच. चर्चमधली मिस्सा आटोपून बोळिंजहून, सासरहून, स्कूटरने माहेरी पोचले, तर फाटकातच डिझेलचा वास आला. म्हणजे गंजलेले नट भिजत घातलेत. पाठोपाठ पाना सटकल्याचा आवाज आणि मनवेलची शिवी, रविवार म्हणून अर्धीच. सोनचाफ्याखाली जुनी चादर पसरलेली, तिच्यावर उजवं मडगार्ड उताणं पडलेलं, आणि ओट्यावर पप्पा दोन्ही हात काठीवर ठेवून बघत बसलेले. मी पर्स खुंटीला अडकवली, खडू घेतला आणि सुट्या भागांवर नंबर घालायला बसले. आमच्या घरात मोसम असा सुरू होतो.

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरातल्या लग्नाच्या सामानापासून नाताळच्या फराळापर्यंत सगळं माझ्याकडे क्रमाने लिहिलेलं असतं. मनवेल हा माझा धाकटा भाऊ. तो वालीवच्या एका गाळ्यात फिटर आहे. अंगाने दणकट, म्हणजे मी बहीण म्हणून दणकट म्हणते, आणि यादी वगैरे त्याला मंजूर नाही. नट हातात घेतला की तो कुठला ते बोटांना कळतं, असं त्याचं म्हणणं. कधीकधी कळतंही. त्याची बायको लुर्डीन बालवाडीत शिकवते. चणीने एवढीशी, आवाज मात्र असा की मागच्या आळीतली पोरंसुद्धा सरळ बसतील. घरात आम्ही आपली बोली बोलतो. इथे सगळ्यांना समजेल असं लिहिते आहे.

आता हे दर वर्षीचं झालं आहे, म्हणून सोपं वाटतं. पहिला मोसम वेगळा होता. तो आठवला की मला आधी वास आठवतात: डिझेल, तापलेलं लोखंड, आणि त्यावर दुपारच्या उन्हात उतरलेला सोनचाफ्याचा गोड वास. तिन्ही एकत्र येणं खरं तर बरं नाही, पण मला आता वेगवेगळे आठवतच नाहीत.

त्या वर्षी पप्पांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायला साफ मनाई केली. पावसातली चिखलणी लुर्डीनने केली, आमच्या शेताचीही आणि रेल्वेपलीकडे चांदीपला भाड्याने घेतलेल्या कामाचीही. बालवाडी सुटली की ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून थेट ट्रॅक्टरवर. पण भाड्याचं काम कमीच होत चाललं होतं. आमच्या बाजूला शेताच्या जागी इमारती आल्या, आणि चांदीपलाही लोकांनी नवीन, मोठे ट्रॅक्टर घेतले. आमचा म्हातारा पाऊस संपल्यावर सोनचाफ्याखाली उभा राहिला तो राहिलाच. सीटवर कोंबडी बसायला लागली.

एका संध्याकाळी पप्पा जेवता जेवता म्हणाले, "ट्रॅक्टर काढून टाकू. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

आम्ही तिघांनीही त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस तीस-पस्तीस वर्षं त्या सीटवर बसला होता. वाटलं, आवाज तरी हलेल. त्यांनी आमटीत पाव बुडवला आणि खाल्ला.

"उभं यंत्र कुजतं," ते म्हणाले. "कुजताना बघण्यापेक्षा गेलेलं बरं."

तेव्हा मनवेलने चांदीपच्या ओढीचा विषय काढला. चांदीपला भात कापून झालं आणि जमीन आवळली की गावातली मंडळी ट्रॅक्टरची ओढ लावतात. मोकळ्या शेतात लोखंडी पत्र्याची एक बिनचाकी गाडी असते. पुढून ती वर वळलेली, म्हणून खाडीकाठची माणसं तिला होडी म्हणतात. तिच्यात वाळूच्या गोण्या रचायच्या आणि ती ट्रॅक्टरला चेनने जोडायची. एवढ्यावर संपत नाही. शेताच्या कडेने ठरावीक अंतरावर गावातली माणसं उभी असतात. ट्रॅक्टर चालायच्या वेगाने पुढे जातो आणि होडी जवळ आली की एकेक माणूस तिच्यावर पाय टाकून चढतो. पुढे जाल तसं ओझं वाढत जातं. शेवटी चुन्याची रेघ. होडी रेघेपार गेली तर पुरी ओढ, नाही तर जिथे चाक फिरत राहिलं तिथे खुंटी ठोकायची. प्रत्येकाला दोन पाळ्या. सगळ्यात हलका गट सतराशे किलोंच्या आतला, चालवणाऱ्यासकट.

"आपला दोन टनांचा आहे," पप्पा म्हणाले.

"कमी करतो."

"मग ओढेल कशाच्या जोरावर?"

"वजन जिथे नको तिथून काढतो, जिथे पाहिजे तिथे लावतो. पप्पा, एक मोसम द्या मला."

पप्पांनी ताट बाजूला सारलं. ते विचार करत असले की त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरतो, क्लच तपासल्यासारखा. "रेघेपार गेला तर ठेव," ते म्हणाले. "नाही गेला तर सोमवारी भंगारवाला. मग रडारड नको."

हा सौदा. यात पुढे कुणी एक शब्द बदलला नाही.

आगेऱ्याच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाच्या, रविवारी चर्चमध्ये नव्या लोंब्यांना आशीर्वाद मिळाला, दुपारी जेवणं झाली, आणि त्याच चांगल्या कपड्यांत मनवेलने पहिला नट सोडवला. मग रोज संध्याकाळी आणि रविवारी तेच. बॉनेट गेलं. दोन्ही मडगार्ड गेली. पुढचा बंपर, छताचे पाईप, दिवे, अवजारांची पेटी गेली. अवजारं उचलणारी मागची लिफ्ट काढायला वालीवहून त्याचे दोन दोस्त चेनब्लॉक घेऊन आले; सोनचाफ्याची फांदी तेव्हा जरा वाकली, ती अजून तशीच आहे. मी खडूने नंबर घालत होते, कारण पप्पांची दुसरी अट होती की जिंकला तरी ट्रॅक्टर शेतात परत जाणार, आणि एकही वॉशर हरवता कामा नये. लुर्डीन भाग पुसून फडक्यात गुंडाळत होती. मला सासरी परतायला उशीर व्हायचा, हातांना ग्रीसचा वास यायचा, शाळेतल्या बाई विचारायच्या, "मॅडम, गाडी बिघडली का?" मी म्हणायचे, "नाही, बनते आहे."

लोखंड कापणं कुणालाही येतं. मनवेल प्रत्येक भाग काढण्याआधी हाताने चाचपून बघायचा, हा कशाला आहे, याच्याशिवाय दुसऱ्या कशावर ताण येईल. ट्रॅक्टरच्या पोटाखाली तो तासन्‌तास उताणा पडून असायचा आणि फक्त त्याची पावलं दिसायची. पंजा हलला की समजायचं, काहीतरी सुटलं. ज्या माणसाला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, त्याला ते यंत्र आतून बाहेरून पाठ होतं. मी हे त्याला कधी सांगितलेलं नाही. शेफारतो.

मग वजनाचा दिवस आला. ट्रक भाड्याने घेऊन ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. उघडावाघडा, नुसतं इंजिन आणि चाकं, मुंज्यासारखा दिसत होता. मनवेल सीटवर बसला, काट्यावरच्या माणसाने पावती दिली. अठराशेच्या जरा खाली. सतराशे हवेत.

मनवेलने पावती उलटसुलट करून बघितली. "काटा चुकीचा आहे."

काटेवाल्याने शांतपणे एक सिमेंटची गोणी ठेवून दाखवली. काटा बरोबर होता.

 घरी येताना लुर्डीन ट्रकच्या केबिनमध्ये सगळा वेळ हिशोब करत होती. "ताई, काढलेले भाग आपण तोलले ना? दोन टनांतून ते वजा केले तर सतराशेच्या आत यायला हवं. मग उरलेला जड कसा?"

"जुनं लोखंड," मी म्हटलं. "पूर्वी जाड द्यायचे."

हे माझं ज्ञान.

पुढच्या रविवारी मिस्साहून परत आल्यावर मनवेल, पांढरा शर्ट अंगात असतानाच, मागच्या चाकातली हवा बघायला वाकला. ओढीसाठी हवा कमी ठेवायची होती. वॉल्व्ह खाली आलेला होता. त्याने टोपी काढून आतली पिन दाबली, आणि त्याच्या छातीवर पाण्याची चिळकांडी उडाली. काळंभोर, गंजाच्या आणि रबराच्या वासाचं पाणी. तो तसाच बसून राहिला, पिनेवर बोट, शर्टावर काळा ओघळ. पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी.

"पप्पा!" तो ओरडला. "चाकात पाणी आहे!"

पप्पा काठी टेकत ओट्यावरून उतरले. चाकाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी पुष्कळ महिन्यांनी त्यांना हसताना बघितलं. आवाज नाही, फक्त खांदे.

"आम्हीच भरलंय," ते म्हणाले. "तू दुबईला होतास तेव्हा. खाजणातल्या चिखलात चाक गरगर फिरायचं, पकड यायची नाही. तुझ्या आईने विहिरीवरून पाईप धरला, मी वॉल्व्ह. एक अख्खी दुपार गेली. तिने मला भिजवलं, ते वेगळंच."

"आणि हे सांगितलं का नाही?"

"अरे, मी विसरलो! तुम्ही काय काढायचं ते विचारत होता. पाणी काय काढायचं? ते चाकच होतं माझ्यासाठी."

आम्ही आठवडेच्या आठवडे दिव्यांचे स्क्रू तोलत होतो आणि दोन्ही चाकांत मिळून अडीचशे किलो पाणी घेऊन फिरत होतो. भातशेतीवाल्यांच्या घराखेरीज ही चूक होणार नाही. चिखलात तेच वजन आमचं काम करत होतं, इतकं बिनबोभाट की घरातलं कुणी त्याला वजन म्हणून ओळखेना.

पाणी काढायला आम्ही चाक वर उचललं, वॉल्व्ह खाली घेतला. काळी धार चरीतून केळीकडे निघाली. पप्पांनी त्या धारेत बोट घातलं आणि जिभेला लावलं.

"पप्पा! गंज आहे तो!"

"गोडं आहे," ते म्हणाले.

आमची विहीर आता मचूळ झाली आहे. भांडी घासायला चालते, झाडांना नाही. आई गेली त्याच्या आसपास ती बिघडायला लागली, असं पप्पा म्हणतात. माझ्या मते त्याआधीपासून. ते पाणी खरोखर गोडं होतं की त्यांच्या जिभेला तसं लागलं, कुणास ठाऊक. मी पाण्याची चव घेतली नाही. मी चरीत एक फरशी आडवी लावली, म्हणजे धार सगळ्या केळींना सारखी जाईल.

आता उलटी अडचण. ट्रॅक्टर सतराशेच्या बराच खाली आला. होडी मागे ओढते तेव्हा ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. ते दाबून धरायला पुढे वजन हवं. पप्पांनी केळीच्या कोठीकडे काठी केली. तिथे घडांचा काटा होता तेव्हाची वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं पडून होती. मनवेलने पुढे एक कडी वेल्ड केली आणि तिच्यात सात वजनं ओवली. एवढी बसत होती, चालवणाऱ्यासकट.

चांदीपच्या त्या शेतावर कापलेल्या भाताचे खुंट अजून पिवळे होते. चालताना बुटाखाली करकरत होते. पेंढ्याचा वास, धूळ, कुणाच्या तरी घरून आलेलं लिंबाचं सरबत, आणि बांधावर सगळा गाव. ओढीची व्यवस्था बघणारे काशिनाथदादा पप्पांना ओळखत होते. त्यांच्या शेताची चिखलणी आमचीच.

"पावलूकाका, हा ट्रॅक्टर हाय का सांगाडा?" ते हसत म्हणाले. "कपडे कुठं गेले त्याचे?"

"धुवायला टाकलेत," पप्पा म्हणाले.

पहिल्या पाळीला मनवेल बसला. वीटभट्टीच्या काट्यावर वजन बरोबर आलं. चेन ताणली गेली, सायलेन्सरमधून काळा धूर उठला, आणि आमचा म्हातारा निघाला. पहिला माणूस चढला, दुसरा, तिसरा. माझ्या हाताच्या मुठी मी पर्सच्या पट्ट्यावर आवळलेल्या. मग पुढची चाकं जमीन सोडायला लागली. आधी जरा तरंगली, मग चांगली हातभर वर. मनवेलने क्लच दाबला. दाबायलाच हवा होता. खुंटी ठोकली गेली ती रेघेपासून बरीच अलीकडे.

ट्रकच्या सावलीत आम्ही बसलो. पाव आणि उकडलेली अंडी आणली होती, ती कुणी उघडली नाहीत. पप्पा रेघेकडे बघत होते. सोमवार सगळ्यांनाच दिसत होता.

"पुढे आणखी वजन पाहिजे," मनवेल म्हणाला. "दोन तरी."

"म्हणजे चाळीस किलो दुसरीकडून काढायला हवेत," मी म्हटलं. "सांग, काय राहिलंय?"

त्याने मान वळवून ट्रॅक्टरकडे बघितलं. खरंच काही उरलं नव्हतं. मग त्याची नजर खाली आली, स्वतःच्या पोटावर, आणि तिथे थांबली.

"मी राहिलो ना, बाय."

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि लुर्डीनच्या मांडीवर ठेवलं.

"वेडा आहेस काय?" ती म्हणाली. "नाही गेला रेघेपार तर पप्पांचा ट्रॅक्टर माझ्या हातून भंगारात जाईल."

"माझ्या हातून जातोच आहे. चिखलात पावसाळाभर कोण चालवतं? मी खोलतो आणि जोडतो. चालवतेस तू."

एवढंच बोलला तो. दोन महिने पाठीवर पडून त्याने हे यंत्र बनवलं होतं, आणि कशासाठी, तर त्या सीटवरच्या अर्ध्या मिनिटासाठी. ते त्याने बोल्ट काढावा तसं काढून ठेवलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. उठले आणि ट्रकमधून उरलेली दोन वजनं आणली. एक मी, एक पप्पांनी. डॉक्टरांनी उचलायला मना केलं होतं, हे दोघांनाही आठवलं नाही.

काट्यावर पुन्हा वजन बरोबर आलं. लुर्डीन ओढीला चढली तेव्हा बांधावरून कुणीतरी ओरडलं, "बाय चालवनार?"

"का रं?" काशिनाथदादा तिथूनच म्हणाले. "या शेतात पावसात कोनी चिखल केला? तू तवा घरात पाय वर करून बसलावता."

मग त्यांनी कडेची माणसं मोजली. शेवटच्या जागेवरचा गडी पुढच्या पाळीला स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन यायचा होता, तो निघून गेला होता. "जागा रिकामी हाय. मनवेलदादा, तुमी उतरलाव ना? मग उभे रावा तिथं."

लोक हसले. मी मनवेलकडे बघून मान हलवली, नाही, नाही. गेलेला गडी काडीसारखा होता. त्याच्या जागी मनवेल म्हणजे जवळपास दुप्पट. तो नाही म्हणू शकला असता. तो रेघेच्या जरा अलीकडे जाऊन उभा राहिला.

लुर्डीनने घाई केली नाही. तिचा पाय इंचाइंचाने सुटत होता. चिखलात शिकलेला पाय तो, धक्का दिला की चाक रुततं हे त्याला माहीत. इंजिनचा आवाज खोल गेला. पहिला माणूस चढला, दुसरा, तिसरा. नऊ वजनं पुढे हलत होती, चाकं जमिनीला चिकटून होती. पहिली खुंटी मागे पडली. बांधावरची माणसं ओरडायची थांबली. मग मनवेलने पाय उचलला आणि होडीत टाकला.

ट्रॅक्टर बसल्यासारखा झाला. आवाज इतका खाली आला की मला प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला. पुढची चाकं उचलली, अगदी कागद सरकेल इतकी. लुर्डीनने मागे वळून बघितलं नाही. शेवटी कोण चढलंय, ते तिला माहीतही नव्हतं. तिने नुसता थ्रॉटलवरचा हात थोडा पुढे नेला, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हातारा पुढे सरकला. चुन्याची रेघ होडीखाली गेली आणि पुसली गेली.

तिने इंजिन बंद करून मागे बघितलं, तर वाळूच्या गोण्यांत उभा राहून नवरा हात हलवतोय. "तू?" ती ओरडली. "तुला ओढत होते मी?"

"लग्नापासून!" बांधावरून कुणीतरी म्हणालं, आणि मग जो हशा उठला तो रेल्वेपर्यंत गेला असेल.

पप्पा शेतातून चालत गेले. रेघ जिथे होती तिथे काठीने माती उकरून बघितली, चुना दिसला, समाधान झालं. मग मनवेलकडे वळले. "सगळं परत बसव. वालाची जमीन करायची आहे. आणि आता उतर खाली, ट्रॅक्टर दमला असेल."

सोमवारी भंगारवाला आला. त्याला चहा मिळाला.

तेव्हापासून जूनमध्ये चाकांत नळाचं पाणी भरलं जातं आणि आगेरा झाला की काढलं जातं. भरताना लुर्डीन पाईप धरते, पप्पा खुर्ची ओढून वॉल्व्हजवळ बसतात. काढलेलं पाणी केळींना जातं आणि फरशी मी लावते. वजनं तीच, कडी तीच, ओढीला सीटवर लुर्डीन आणि रेघेजवळ मनवेल, तेही तसंच. नंबर मी दर वर्षी नव्याने घालते, कारण पावसात खडू टिकत नाही. नाही टिकला तरी एव्हाना मला पाठ व्हायला हवेत, असं मनवेल म्हणतो. पाठ आहेतही. पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

या रविवारी तो मडगार्डावर बसला आणि त्याने चहाबरोबरचा पाव परत दिला. काही दिवस तो संध्याकाळी चालायलाही जातो आहे, हे मला ठाऊक होतं. का, ते नव्हतं.

"बाय, लिहून ठेव," तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे आत ऐकू जावं असं. "सहा किलो उतरलो. नाताळपर्यंत आणखी उतरेन. मग सीट—"

"लिहा ताई," लुर्डीन पाईप गुंडाळत बाहेर आली. "आणि पुढे हेही लिहा, आपल्याला होडीत वजन कमी पडणार." तिने पाव उचलून त्याच्या बशीत परत ठेवला. "खा. रेघेपर्यंत मी नेते."

पप्पांचे खांदे हलत होते. मनवेलने पाव चहात बुडवला.